कोटेशनमध्ये दुरुस्ती केली की एस्टिमेटची बेरीज बदलते: कारण कसे शोधावे आणि नोंद कशी ठेवावी

पोटठेकेदाराचे कोटेशन एस्टिमेटिंग सॉफ्टवेअरमध्ये नोंदवले, बोलणी झाल्यावर त्यात दोन-चार दुरुस्त्या केल्या, बेरीज पाहून फाइल बंद केली, आणि दोन दिवसांनी तीच फाइल उघडली तर शेवटचा आकडा वेगळाच दिसतो. मुंबईत इमारत दुरुस्तीच्या कामांचे दर काढताना ही अडचण मला इतक्या वेळा आली आहे की आता मी तिचे निदान एका ठरावीक क्रमाने करतो. तो क्रम आणि त्यामागची कारणे येथे सविस्तर लिहीत आहे. सॉफ्टवेअर कोणतेही असले, अगदी एक्सेलच्या साध्या तक्त्यावर काम चालत असले, तरी ही कारणे तीच राहतात.

आपल्याकडे ही अडचण वाढण्याचे एक कारण कामाच्या वेळापत्रकात आहे. सोसायट्यांना परांची उतरवून काम जूनच्या पावसाआधी संपवून हवे असते, त्यामुळे हिवाळ्यात निविदा एकामागून एक येतात आणि दर भरायला हातात थोडेच दिवस मिळतात. कोटेशन कधी लेटरहेडवर येते, कधी व्हॉट्सॲपवर हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो येतो, तर कधी ठेकेदार फोनवरच एक आकडा सांगतो. अशा घाईत आलेला आकडा जसाच्या तसा नोंदवायचा आणि त्यावरचा आपला विचार वेगळा नोंदवायचा, हे भान सुटते, आणि बहुतेक गोंधळ तेथेच सुरू होतो.

आधी फरकाचे गुणोत्तर काढा

बेरीज जुळत नाही असे दिसताच दर बदलून ती जुळवण्याचा प्रयत्न करू नये. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या रकमेला अपेक्षित रकमेने भागावे आणि जे उत्तर येईल ते चार दशांश स्थळांपर्यंत लिहून ठेवावे. हे शक्यतो पूर्ण एस्टिमेटवर न करता एकेका बाबीवर करावे, कारण एकूण बेरजेत एका बाबीची चूक इतर बाबींच्या रकमांत विरघळून जाते. एका बाबीचे गुणोत्तर मात्र बऱ्याचदा कारण सरळ सांगून टाकते.

गुणोत्तर १.१८ आले तर कोटेशनचा दर जीएसटीसह होता आणि तो करविरहित म्हणून नोंदवला गेला आहे. ०.८४७५ आले तर उलट झाले आहे, म्हणजे मुळात करविरहित असलेल्या दराला पुन्हा १.१८ ने भागले आहे. ०.९६७६ हे गुणोत्तर विशेष लक्षात ठेवावे. करासह दरातून कर काढताना १.१८ ने भागण्याऐवजी सरळ १८ टक्के वजा केले की हा आकडा येतो. ११,८०० रुपयांच्या करासह रकमेतील मूळ रक्कम १०,००० रुपये असते, परंतु ११,८०० मधून १८ टक्के वजा केले तर ९,६७६ उरतात. फरक सव्वातीन टक्क्यांच्या आसपासच असल्यामुळे तो कोणाच्या नजरेत भरत नाही, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे तशीच पुढे चालते.

गुणोत्तर १०.७६४ किंवा ०.०९२९ असेल तर चौरस फूट आणि चौरस मीटर यांची अदलाबदल झाली आहे. वास्तुविशारदाच्या बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या बाबी आणि परिमाणांच्या यादीत, परिमाण चौरस मीटरमध्ये असते आणि प्लास्टरवाला दर चौरस फुटाचा देतो, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे. २.८३ किंवा ०.३५३ आले तर ब्रास आणि घनमीटर यांचा घोळ आहे, कारण रेती-खडीचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. येथे आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. काही कारागीर क्षेत्रफळाच्या कामातही ब्रास हा शब्द वापरतात आणि तेथे त्याचा अर्थ १०० चौरस फूट, म्हणजे ९.२९ चौरस मीटर असा असतो. कोटेशनवर नुसते ‘ब्रास’ लिहिले असेल तर नोंद करण्यापूर्वी फोन करून विचारून घ्यावे आणि मिळालेले उत्तर शेऱ्याच्या रकान्यात लिहावे.

१.०२३ हे गुणोत्तर नफ्याच्या दोन अर्थांतून येते. १०० रुपये खर्चावर १५ टक्के वाढवले तर विक्रीदर ११५ रुपये होतो, परंतु विक्रीदराच्या १५ टक्के नफा हवा असेल तर १०० ला ०.८५ ने भागावे लागते आणि दर ११७.६५ रुपये होतो. काही सॉफ्टवेअरमध्ये या दोन्ही पद्धती एकाच पडद्यावर निवडता येतात, आणि फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडल्यावर तेथील मूळ निवड लागू होण्याची शक्यता असते. १.१५ असे स्वच्छ गुणोत्तर आले तर नफा दोनदा लागला आहे, एकदा कोटेशन नोंदवताना आणि एकदा एस्टिमेटच्या तळाशी.

फरक फक्त काही रुपयांचा किंवा काहीशे रुपयांचा असेल तर तो पूर्णांकनाचा समजावा. समजा, बाहेरच्या प्लास्टरचे परिमाण १२,००० चौरस फूट आणि दर ९५ रुपये आहे, म्हणजे रक्कम ११,४०,००० रुपये. हेच चौरस मीटरमध्ये नेले तर परिमाण १,११४.८४ आणि दर १,०२२.५७ रुपये होतो. त्यांचा गुणाकार ११,४०,००१.९४ येतो, म्हणजे फरक दोन रुपयांचाही नाही. पण दर १,०२३ असा पूर्ण केला की रक्कम ११,४०,४८१.३२ होते. हे ४८१ रुपये एका बाबीवर फार वाटत नाहीत, परंतु साठ-सत्तर बाबींच्या बीओक्यूमध्ये असे फरक साचत जातात. दर दोन दशांश स्थळांपर्यंत ठेवावा आणि पूर्णांकन फक्त शेवटच्या रकमेवर करावे.

तीन प्रकारच्या दुरुस्त्या एकाच रकान्यात

गुणोत्तरातून असे कोणतेही स्वच्छ उत्तर मिळाले नाही तर माझा संशय सर्वप्रथम एकाच गोष्टीवर जातो: कोणीतरी मूळ कोटेशनच्या आकड्यावरच नवा आकडा लिहिला आहे. माझ्या अनुभवात या समस्येचे खरे मूळ येथे आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

कोटेशनमध्ये आपण ज्याला ‘दुरुस्ती’ म्हणतो ती प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या प्रकारची असते. पहिली ठेकेदाराने स्वतः केलेली असते, म्हणजे बोलणी झाल्यावर त्याने आपला दर बदललेला असतो. दुसरी आपण तुलनेसाठी केलेली असते, म्हणजे एका ठेकेदाराने जे काम धरलेले नाही त्याची किंमत आपण त्याच्या कोटेशनमध्ये मिळवतो, जेणेकरून सगळी कोटेशने एका पातळीवर येतील. तिसरी आपल्या व्यावसायिक अंदाजाची असते, म्हणजे काम हाती आल्यावर हा ठेकेदार आणखी दोन टक्के कमी करेल असे धरून आपण आधीच रक्कम कमी करून ठेवतो. या तिन्हींचा मालक वेगळा आहे आणि आयुष्यही वेगळे आहे. त्या तिन्ही एकाच दराच्या रकान्यात उतरल्या की कोणता रुपया कोणाचा, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

परळ भागातील एका सोसायटीच्या कामात आमच्याकडून नेमके हेच झाले. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून वरचेच १२,००० चौरस फुटांचे परिमाण घेऊन सांगतो. पहिल्या ठेकेदाराने ९५ रुपये दर दिला होता आणि त्यात परांची तसेच डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा मलबा, उचलून नेणे धरले होते. दुसऱ्याने ८२ रुपये दर दिला, पण या दोन्ही गोष्टी त्याने वगळल्या होत्या. नुसते दर पाहिले तर दुसरा १,५६,००० रुपयांनी स्वस्त होता. परांचीचे एकमुस्त २,४०,००० आणि डेब्रिजचे ३६,००० रुपये मिळवल्यावर मात्र त्याची खरी किंमत १२,६०,००० होत होती, म्हणजे तो पहिल्यापेक्षा १,२०,००० रुपयांनी महाग होता. इथपर्यंतचा हिशेब बरोबर होता. चूक पुढे झाली. आमच्यातील एकाने तुलना सोयीची व्हावी म्हणून दुसऱ्याच्या दराच्या रकान्यात ८२ खोडून १०५ लिहिले, कारण मिळवलेली रक्कम धरून दर तेवढाच पडत होता. चार दिवसांनी त्या ठेकेदाराने फोन करून दर ७८ केल्याचे कळवले, आणि फोन घेणाऱ्याने प्रामाणिकपणे १०५ च्या जागी ७८ लिहिले. परांची आणि डेब्रिजचे २,७६,००० रुपये त्या एका नोंदीत नाहीसे झाले. प्रत्यक्षात ७८ च्या दरानेही दुसरा ठेकेदार पहिल्यापेक्षा ७२,००० रुपयांनी महागच पडत होता, परंतु पडद्यावर तो सर्वात स्वस्त दिसत होता, आणि आम्ही त्याच आकड्यावर निविदा भरली.

या प्रसंगात कोणाचाही हिशेब कच्चा नव्हता, आणि ज्याने ७८ लिहिले त्याला दोष देणे मला आजही अन्यायाचे वाटते. त्याच्यासमोर दराचा एकच रकाना होता आणि त्या रकान्यातील १०५ हा आकडा ठेकेदाराचा नाही हे त्याला कळायला कोणताही मार्ग नव्हता.

म्हणून मूळ कोटेशनचा दर एकदा लिहिला की तो रकाना कुलूपबंद करावा. ठेकेदाराने दर बदलला तर जुन्या ओळीवर न लिहिता नवी आवृत्ती काढावी, तिला तारीख द्यावी आणि तो बदल कसा कळला, म्हणजे फोनवर, ईमेलने की समक्ष, हे शेऱ्यात लिहावे. वगळलेल्या कामाची किंमत त्याच कोटेशनखाली स्वतंत्र ओळ म्हणून घालावी आणि तिच्या नावातच ‘तुलनेसाठी मिळवलेले’ असे शब्द ठेवावेत. आपल्या अपेक्षित सवलतीची ओळ तिसरी असावी आणि ती वर्क ऑर्डरवर छापली जाणार नाही अशी व्यवस्था करावी. सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय नसेल तर तीन जादा रकाने तयार करून घ्यावेत. वापरात असलेला दर हा या सर्वांच्या बेरजेतून यावा, तो हाताने लिहू नये.

तुलनेसाठी मिळवलेल्या ओळीबाबत आणखी एक निर्णय कोटेशन स्वीकारताना घ्यावा लागतो. परांची जर आपण दुसऱ्याकडून घेणार असू आणि तिची एस्टिमेटमध्ये स्वतंत्र बाब असेल, तर ही ओळ तुलनेपुरतीच ठेवून एस्टिमेटमध्ये शून्य करावी लागते, नाहीतर परांची दोनदा धरली जाते. स्वतंत्र बाब नसेल तर ती ओळ खर्चात राहायलाच हवी. हा निर्णय सॉफ्टवेअर घेऊ शकत नाही. तो माणसानेच घेऊन लिहून ठेवावा लागतो.

एकमुस्त रकमा आणि बदलणारे परिमाण

परांचीसारखे कोटेशन एकमुस्त येते आणि बीओक्यूमध्ये परांचीची वेगळी बाब नसते, कारण दरात परांची समाविष्ट असल्याची अट सर्वसाधारण अटींमध्येच लिहिलेली असते. अशा वेळी आपण २,४०,००० ला १२,००० ने भागून चौरस फुटाला २० रुपये असा दर नोंदवतो. त्यानंतर वास्तुविशारदाकडून सुधारित परिमाण येते. ते १३,००० झाले तर परांची आपोआप २,६०,००० ची होते, आणि १०,५०० झाले तर २,१०,००० ची होते. ठेकेदार मात्र दोन्ही वेळी २,४०,००० च मागणार असतो, कारण इमारतीच्या चारही बाजू तेवढ्याच असतात. परिमाण बदलल्यानंतर बेरीज बिघडली अशी तक्रार असेल तर प्रथम हेच तपासावे. एकमुस्त कोटेशन नेहमी परिमाण १ आणि एकक ‘एकमुस्त’ असेच नोंदवावे आणि त्याचे बाबींवर वाटप सर्वात शेवटी, वेगळ्या रकान्यात करावे.

एकूण रकमेवर मिळालेल्या सवलतीचे वाटप करतानाही हीच अडचण येते. काही बाबींचे दर कुलूपबंद असतील तर त्यांच्या वाट्याची सवलत कोठे जाते हे सॉफ्टवेअरनुसार बदलते: कधी ती उरलेल्या बाबींवर पसरते, तर कधी ती लागतच नाही. वाटप झाल्यावर प्रत्येक बाबीला मिळालेल्या वाट्याची बेरीज करून ती मूळ सवलतीइतकीच आहे का, एवढे पाहिले की प्रश्न मिटतो.

एकच खर्च दोनदा

रक्कम वाढली आहे पण गुणोत्तर ओळखीचे नाही, असे असेल तर रेट ॲनालिसिस, म्हणजे माल आणि मजुरी धरून बाबीचा दर कसा बांधला त्याचा तपशील, उघडून पाहावे. कोटेशन येण्यापूर्वी आपण सिमेंट, रेती आणि मजुरी धरून तात्पुरता दर बांधलेला असतो. नंतर मटेरियलसह कोटेशन स्वीकारले की त्याची रक्कम पोटठेक्याच्या ओळीत येते, पण खालच्या मजुरी आणि मालाच्या ओळी तशाच राहतात. कोटेशन फक्त लेबरचे असेल तर मजुरी काढायची आणि माल ठेवायचा, मटेरियलसह असेल तर दोन्ही काढायचे. तात्पुरत्या दरांच्या नावामागे एखादी खूण लावून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते. निविदा भरण्याच्या आदल्या दिवशी त्या खुणेने शोध घ्यावा. जेवढ्या ओळी सापडतील, तेवढ्यांचा खुलासा झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कर आणि जुने दर

कर काढताना संपूर्ण रकान्याला १.१८ ने भागण्याचा मोह टाळावा. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर त्याला सामान्यतः जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते. प्लंबर, रंगारी, सुतार असे अनेक छोटे कारागीर याच गटात मोडतात, आणि त्यांच्या दरात आपल्याला वेगळा काढता येईल असा करच नसतो. म्हणून प्रत्येक कोटेशनसमोर करासह, करविरहित आणि नोंदणी नसलेला यांपैकी एक नोंद सक्तीची ठेवावी. ज्या करावर आपल्याला क्रेडिट, म्हणजे आपल्या कराच्या देण्यातून वजावट, मिळणार आहे तो खर्चात राहिला तर त्यावर आपला नफा लागतो, आणि त्या रकमेवर आपला कर पुन्हा लागतो. दर विनाकारण वाढतो आणि काम हातचे जाते.

साठवलेल्या दरसूचीबाबत आता अधिक काळजी घ्यावी लागते. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्यापूर्वी गोणीला करासह ३५० रुपये असा दर सूचीत असेल तर त्यातील मूळ किंमत २७३.४४ रुपये होती. आज त्याच आकड्याला १.१८ ने भागले तर २९६.६१ मिळतात, म्हणजे गोणीमागे २३.१७ रुपये जास्त धरले जातात. जुनी फाइल नव्या कामासाठी नक्कल करून वापरत असाल आणि सिमेंटच्या बाबींवर गुणोत्तर १.०८४७ येत असेल, तर कारण हेच आहे. दरसूचीत फक्त करविरहित दर ठेवावा आणि कराचा टक्का वेगळ्या रकान्यात तारखेसह ठेवावा.

फाइल उघडताच बेरीज बदलते, कोणी हातही लावलेला नसतो, अशी तक्रार असेल तर एस्टिमेट दरसूचीला थेट जोडलेले आहे. कोणीतरी दुसऱ्या कामासाठी सूचीतील सळईचा दर बदलतो आणि आपल्या भरलेल्या निविदेचा हिशेबही बदलतो. निविदा भरली की त्या दिवशीचे दर गोठवून फाइलची वेगळी प्रत ठेवावी.

फाइल आयात करताना

येथे फार सांगण्यासारखे नाही, पण दोन गोष्टी वारंवार आढळतात. ठेकेदाराच्या एक्सेल फाइलमध्ये रक्कम ‘९५/-’ अशी लिहिलेली असेल तर तो रकाना संख्या न राहता मजकूर होतो, आणि बेरजेचे सूत्र त्याला मुकाट्याने वगळते. तसेच ‘११,४०,०००’ ही रक्कम अवतरणचिन्हांशिवाय स्वल्पविरामाने विभागलेल्या फाइलमधून आली तर तिचे तीन तुकडे तीन रकान्यांत जातात. आयात झाल्यावर ओळींची संख्या आणि एकूण रक्कम मूळ कागदाशी पडताळून मगच पुढचे काम करावे.

आधीच बिघडलेली फाइल

चालू फाइलमध्ये दुरुस्ती करत बसू नये. तिची प्रत काढावी आणि प्रतीत प्रत्येक कोटेशन मूळ कागदावरून, ईमेलमधून किंवा व्हॉट्सॲपच्या फोटोवरून नव्याने नोंदवावे. सध्याचा आकडा आणि मूळ आकडा यांतील फरक वर सांगितलेल्या तीन प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात बसतो ते ठरवून त्या-त्या ओळीत टाकावा. जो फरक कशातच बसत नाही तो ‘खुलासा बाकी’ या नावाने उघड ठेवावा आणि बेरीज जुळावी म्हणून तो कोणत्याही दरात मिसळू नये. संबंधित ठेकेदाराला फोन केला की त्यांपैकी बरेचसे फरक सुटतात. कोटेशनची मुदत संपलेली असेल तर याच फोनमध्ये नवी तारीखही विचारून घ्यावी.

शेवटची दुरुस्ती सोसायटीच्या समितीसमोर बसून होते, आणि तेथे एकूण रकमेवर एखादा टक्का कमी करून व्यवहार ठरतो. ही सवलत तळाशी ठरावीक रक्कम म्हणून नोंदवली तर आरए बिलांच्या, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणाऱ्या बिलांच्या, वेळी अडचण येते, कारण बिल प्रत्यक्ष मोजमापावर निघते आणि परिमाण कमी झाले तरी सवलत पूर्णच द्यावी लागते. ती प्रत्येक बिलावर लागू होणारा टक्का म्हणून करारात लिहून घ्यावी, सॉफ्टवेअरमध्ये विक्रीदराच्या बाजूला स्वतंत्र ओळीत ठेवावी, आणि पोटठेकेदारांच्या कोटेशनच्या ओळींना त्या वेळी हात लावू नये.